मुलं पळवणं, दादागिरी आणि आपण : मुलांना नेमकं काय शिकवायचं?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावची. मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. दोघं शाळेच्या व्हॅनने जातात.

गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरला : मुलं पळवणारी टोळी आली आहे, पांढरी गाडी आहे, बायका साडी विकायच्या निमित्ताने घरात शिरतात. खाली कुठलंही गाव टाका, मेसेज तोच. तो खरा नसणार हे कळतं, पण पोटात गोळा येतोच. मुलगी रात्री विचारत होती, "आई, मला कोणी उचललं तर मी काय करू?" तिला मी "असं काही होत नाही, झोप" म्हणणार नाही. तिला खरं उत्तर हवं आहे आणि मलाही.

मला इथल्या अनुभवी लोकांकडून तीन गोष्टी हव्यात. एक, न घाबरवता हे शिकवायचं कसं आणि कुठल्या वयात किती? दोन, खरंच कोणी हात धरला तर लहान मुलाच्या हातात काय असतं? तीन, पळवणारे कधी येतील न येतील, पण व्हॅनमधली सहावी-सातवीची दोन पोरं माझ्या मुलाला रोज मागच्या सीटवर दाबून बसवतात, त्याची पाण्याची बाटली फेकतात. त्याचं काय करायचं?

फॉरवर्ड नकोत, स्वतः केलेलं सांगा.

पांझराकाठचा

ताई, तुमच्या प्रश्नांआधी त्या मेसेजबद्दल बोलतो, कारण मी धुळ्याचा आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. भिक्षुकी करत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधीच कितीतरी मोबाइलवर पोचली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त. गर्दीने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

म्हणून तो मेसेज पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्याला फोन करा. ठाण्याचा नंबर जवळ नसेल तर ११२ लावा. खरा संशय असेल तर गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण सांगा. माणूस पकडून ठेवायचा नाही, मारायचा तर मुळीच नाही. खान्देशात मुलांच्या सुरक्षिततेवर बोलायचं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

भरीतपार्टी

+१. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिन वहिनींनी नियमच केलाय : 'टोळी' शब्द असलेला मेसेज आला की आधी विचारायचं, "कुठल्या ठाण्यात नोंद आहे?" ग्रुप एकदम शांत होतो.

शिरपूरची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बरीच वर्षं दुसरी-तिसरीचा वर्ग आहे. पहिल्या प्रश्नावर लिहिते.

वर्गात मी मुलांना सांगते, "मुलं पळवणारा माणूस काढा." दरवेळी तोच निघतो : मोठ्या मिशा, खांद्यावर झोळी, लाल डोळे. मग मी विचारते, "हा माणूस नीट दाढी करून, छान शर्ट घालून, तुमच्या बाबांचं नाव घेऊन आला तर?" वर्ग गप्प होतो. आपण मुलांना 'अनोळखी माणसाशी बोलू नको' सांगतो, पण मुलांच्या हिशोबात दोनदा दिसलेला माणूस ओळखीचा होतो. कोपऱ्यावरचा दुकानदार, व्हॅनवाले काका, आईच्या गावचा मामा, सगळे ओळखीचेच. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या गुन्ह्यांत, सरकारी आकडेवारीनुसार, नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात.

त्यामुळे मी माणूस बदलून नियम ठेवला आहे : विचारल्याशिवाय कुठंच जायचं नाही, कुणाबरोबरच नाही, कुणी काही दिलं तरी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मग तो काका असो, शेजारी असो, मोठा भाऊ असो. यात कुणाला वाईट ठरवावं लागत नाही, म्हणून मुलं घाबरत नाहीत. चार वर्षांच्या पोरालाही एवढं कळतं.

आणि नुसतं सांगून उपयोग नाही, खेळ घ्यावा लागतो. मी पर्स घेऊन 'मावशी' होते आणि एकेकाला गाठते. "तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय, चल लवकर." "माझं पिल्लू हरवलंय, शोधायला येतोस?" "बाबांनी पाठवलंय, मोबाइलवर गेम पण आहे." हुशारातला हुशार मुलगा दवाखान्याच्या वाक्याला फसतो, कारण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर आई असते. म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा घ्यायचं. उत्तर एकच : "मी आधी बाईंना विचारतो," आणि मागे वळून पळत वर्गात.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगते. वाट विचारायला, सामान उचलायला, पिल्लू शोधायला मोठ्या माणसाला लहान मुलाची गरज नसते. मोठी माणसं मोठ्यांना विचारतात.

वरणबट्टी

बाई, फार छान लिहिलंत. आमच्याकडे खुणेचा शब्द आहे. घरचं कुणी सोडून दुसरं न्यायला आलं तर त्याने तो शब्द सांगायचा, नाहीतर मूल जाणार नाही.

शब्द मुलाने स्वतः निवडावा, म्हणजे लक्षात राहतो. आमच्या पोराने खाण्याचाच निवडला (खान्देशी पोरगं, दुसरं काय निवडणार!). आणि एकदा शेतातून थेट शाळेत आलेल्या आप्पांना त्याने फाटकातच अडवलं, "शब्द सांगा." आप्पांना माहीत नव्हता. वर्गशिक्षिकेने मला फोन लावला, तोवर आप्पा ऊन खात उभे. मला वाटलं आता घरी गहजब होणार. पण संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला सांगत होते, "मना नातू मालेबी सोडत नही!"

फक्त शब्द एकदा वापरला की बदलायचा. आणि पोरं मित्रांना सांगतातच, म्हणून अधूनमधून विचारत राहायचं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

कपाशीवाला

माफ करा, पण थोडं वेगळं मत मांडतो. मी पारोळा तालुक्यातला शेतकरी. आमच्या लहानपणी कुणीही मोठा माणूस थांबवायचा, "कोना पोऱ्या शे रे तू?" आणि घरापर्यंत पोचवायचा. गावातलं प्रत्येक घर आपलं होतं. आता पोराला शिकवा की आप्पावरही विश्वास ठेवू नको, काकावरही ठेवू नको. अशाने ही पिढी माणसांनाच घाबरेल. उद्या पोरगं खरंच अडचणीत सापडलं, तर मदत कुणाकडे मागेल?

भुसावळकर

@कपाशीवाला, दादा, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणूनच लिहितो. मी रेल्वेतून निवृत्त. भुसावळ जंक्शनवर आयुष्य गेलं.

फलाटावर एकटी सापडलेली मुलं मी खूप पाहिली. त्यांतली पळवून आणलेली थोडी. बाकीची स्वतःच निघून आलेली. कमी मार्क पडले, मोबाइल फोडला, बापाने मारलं, सावत्र आईने उपाशी ठेवलं, किंवा मुंबई बघायची होती. अशा पोराला फलाटावर जो पहिल्यांदा वडापाव देतो, त्याच्या हातात ते पोर जातं. तो माणूस रेल्वे सुरक्षा बलाचा जवान आहे की दलाल, यावर पुढचं सगळं ठरतं. घरात मार खाण्याची भीती जितकी मोठी, तितकं मूल बाहेरच्या माणसाच्या हाती लागायला सोपं.

म्हणून घरी एक वाक्य नक्की सांगून ठेवा : "तू काहीही केलंस तरी घरी ये. आधी जेवायचं, मग बोलायचं."

स्टेशनवर चुकलं तर काय करायचं हेही सांगा. स्टेशनच्या बाहेर पडायचं नाही. तिकीट खिडकी, गणवेशातला पोलीस किंवा सोबत लहान मुलं असलेली बाई गाठायची. १०९८ हा नंबर मुलांसाठीच आहे, फुकट, दिवसरात्र चालतो, आणि आता ११२ शीही जोडलेला आहे. पोर सापडलं की ते बालकल्याण समितीपुढे नेलं जातं आणि तिथून घरी.

पालकांसाठीही एक. मूल हरवलं तर "चोवीस तास वाट बघा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला स्पष्ट सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास सुरू करायचा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर होते, म्हणजे जवळच्या ठाण्यातच गुन्हा नोंदवता येतो. पहिले काही तास सोन्याचे असतात.

आणि पांझराकाठच्या भाऊंच्या मुद्द्याला जोडून. मे २०२३ मध्ये दानापूर–पुणे गाडीतून बिहारकडची ५९ मुलं आमच्या भुसावळला आणि पुढे मनमाडला उतरवली. मदरशात शिकायला निघालेली होती. सोबतच्या पाच जणांना तस्करीच्या संशयावरून अटक झाली. पुढे तपासात गैरसमज निघाला आणि २०२४ मध्ये प्रकरण बंद झालं. मुलांची चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण संशय आणि गुन्हा यांत अंतर असतं.

अहिराणी_माय

यात्रेचं लिहिते, कारण आमच्याकडे मुलं चुकतात ती तिथेच. धुळ्याची एकवीरा, सारंगखेड्याची यात्रा, अमळनेरचा रथ.

निघायच्या आधी घराच्या दारात मुलाचा फोटो काढायचा. त्या दिवशी घातलेल्या कपड्यांत, पायातल्या चपलेसकट. चुकल्यावर आईला शर्टाचा रंग आठवत नाही, खरंच नाही आठवत. हातावर बॉलपेनने मोबाइल नंबर, वरून पारदर्शक चिकटपट्टी. नाव लिहायचं नाही, नावाने हाक मारणाऱ्यावर मूल लगेच विश्वास टाकतं. आत शिरल्या शिरल्या पोलिसांचा मांडव आणि भोंगा कुठे आहे ते मुलाला दाखवायचं. आणि सांगायचं : "चुकलास तर हलू नकोस. जिथे आहेस तिथेच मोठ्याने माझं नाव घे." नुसतं 'आई' नाही, पूर्ण नाव. यात्रेत 'आई' म्हटलं की शंभर बाया वळतात.

कुस्ती_कबड्डी

दुसऱ्या प्रश्नावर. नंदुरबारला मुला-मुलींना कबड्डी शिकवतो.

आठ वर्षांचं मूल मोठ्या माणसाला हरवू शकत नाही, हे आधी पालकांनी मान्य करा. कराटेच्या क्लासला जरूर घाला, अंगात धीटपणा येतो, पण चार लाथा शिकल्या म्हणजे पोर सुरक्षित झालं असं समजू नका. मुलाच्या हातात असतं ते आवाज करणं आणि वेळ काढणं.

माझी पोरं करतात ते सांगतो. गाडी जवळ येऊन थांबली तर लांब सरकायचं, दरवाज्याच्या हातभर अंतरात जायचं नाही. पळायचं ते गाडीचं तोंड असेल त्याच्या उलट दिशेला, गाडीला वळायला वेळ लागतो. दप्तर धरलं तर दप्तर सोडून द्यायचं, हे खास शिकवा, कारण दप्तर हरवलं तर घरी बोलणी बसतील म्हणून मुलं ते सोडत नाहीत. हात धरला तर खाली बसायचं, अंग सैल सोडायचं. ओढायला जड जातं. खांब, सायकल, दुसऱ्या माणसाचा पाय, जे सापडेल त्याला मिठी मारायची. चावायला परवानगी आहे.

आणि ओरडायचं काय? नुसतं रडलं तर बघणाऱ्याला वाटतं बाप हट्टी पोराला घरी नेतोय. म्हणून आम्ही आपल्या अहिराणीत शब्द ठरवलेत : "हाऊ मन्हा बाप नही शे! मी याले वयखत नही!" (हा माझा बाप नाही! मी याला ओळखत नाही!) मैदानावर एकेकाला पळवत आणून हे ओरडायला लावतो. पहिल्या दिवशी मुलींच्या तोंडून आवाज फुटत नाही. त्यांना आयुष्यभर 'हळू बोल' सांगितलेलं असतं. दहा-पंधरा वेळा घेतलं की मैदान दणाणतं.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल घरी बाईंचा खेळ घेतला, मुलगी दवाखान्याच्या वाक्याला खरंच थबकली. दादांचं ओरडणं गच्चीवर घेतलं, शेजारच्या काकू धावत आल्या. म्हणजे उपाय लागू पडतो!

पण व्हॅनचा प्रश्न राहिलाच. पोरगा आता सकाळी पोट दुखतं म्हणतो.

बोरीकाठ

एक कानाखाली द्यायला शिकवा. दुसऱ्या दिवसापासून वाटेला जाणार नाहीत. आमच्या वेळी हेच चालायचं.

पावरी_बोलणारा

@बोरीकाठ, दादा, मी धडगावकडचा, लहानपणापासून वसतिगृहात शिकलो. मराठी नीट येत नव्हती, पावरी बोलायचो, त्यावरून मोठी पोरं नक्कल करायची. साबण घ्यायची, थंडीत पांघरूण ओढून न्यायची. मी एकदा मारलं. रात्री चौघांनी मिळून मारलं. एकट्या लहान पोराला 'मार' सांगणं म्हणजे त्याला चौघांच्या ताब्यात देणं आहे.

माझं सुटलं ते एका सरांमुळे. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मी जेवायला सगळ्यांत शेवटी जातो हे त्यांनी पाहिलं. मला वेगळं बोलावलं, चौघांसमोर नाही. मग झोपायच्या जागा बदलल्या, एका मोठ्या धीट पोराला माझ्या शेजारी ठेवलं आणि त्यालाच सांगितलं, "हा तुझ्या जबाबदारीवर." त्या चौघांनाही मार दिला नाही, रोज संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांसमोर कामाला लावलं. महिन्याभरात माझ्या नकलेत कुणाला मजा येईना.

आज मी स्वतः शिकवतो. पोट दुखणं, दप्तरातल्या वस्तू हरवणं, शाळेत लघवीला न जाणं, अचानक वाट बदलून घरी येणं, मूल तोंडाने सांगत नाही ते अशा गोष्टींतून सांगतं. ताई, तुमच्या मुलाने सांगितलंय. फार महत्त्वाची गोष्ट आहे ही. त्याला म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस," आणि लगेच उपायाला लागा.

शिरपूरची_बाई

सरांशी शंभर टक्के सहमत. ताई, तुम्ही करू शकता ते :

व्हॅनवाल्यांशी आजच बोला, मुलाची जागा पुढे, त्यांच्या मागच्या सीटवर ठरवून घ्या. बाटली कधी फेकली, कोण होतं, हे तारखेसह वहीत लिहा. त्या पोरांना रस्त्यात गाठून दम देऊ नका, त्यांच्या आईबापांशी भांडायला जाऊ नका. वही घेऊन शाळेत जा आणि लेखी द्या. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असायला हवी, बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर यावर पुन्हा जोर दिला गेला आहे. शाळेची बस असेल आणि त्यात मुली असतील तर २०११ च्या शाळा बस नियमांप्रमाणे महिला मदतनीस लागते, तीही मागा.

मुलाला एक वाक्य द्या. डोळ्यांत बघून, मोठ्याने, "माझी बाटली ठेव." विनवणी नाही, शिवी नाही. आणि व्हॅनमधल्या एखाद्या दोस्ताशी जोडी लावून द्या. त्रास देणारा एकटं पोर शोधतो.

आणि त्या दोन पोरांचीही चौकशी व्हावी. सातवीचा पोरगा पहिलीच्या पोराला रोज दाबतो, तेव्हा त्यालाही कुणीतरी कुठेतरी दाबत असतं. अनेकदा घरीच.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या मुलावर, मुलगा असो वा मुलगी, लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "घरातली गोष्ट घरात मिटवू" म्हणणारे जेठ-दीर, पंच, मुख्याध्यापक, सगळ्यांना लागू. शिक्षकाने मारणं किंवा मानसिक छळ करणं यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. मोठ्या मुलांना मोबाइलवर छळत असतील तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

खापरावरची_पुरणपोळी

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोललं नाही.

आपल्याकडे पाहुणे आले की काय होतं? "काकांच्या मांडीवर बस." "मामाला पापा दे." मूल मागे सरकतं, आपण पुढे ढकलतो, वर सगळ्यांदेखत म्हणतो, "लाजते हो, शहाणी नाहीये." त्या दोन मिनिटांत मुलाने काय शिकायचं? मला स्पर्श नको वाटला तरी मोठ्यांचं ऐकायचं, आणि आईसुद्धा माझ्या बाजूने नाही. मग त्याच मुलाने व्हॅनमध्ये, गोठ्यात, लग्नघरातल्या माळ्यावर 'नाही' कुठून आणायचं? घरात रोज 'नाही'ला थप्पड मिळाली, तर बाहेर ते तोंडातून निघणार नाही.

आमच्याकडे कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. मुलांना एवढंच सांगितलंय की नमस्कार सगळ्यांना करायचा, लांबून करायचा. मिठी, पापा, मांडी तुमच्या मनावर. मोठी माय पहिल्या वर्षी रागावल्या, "आम्ही काय परके?" मी म्हटलं, "माय, तुमच्याकडे ती आपणहून येते ना? तेच हवंय." आता त्याच पाहुण्यांना सांगतात, "तिला वाटलं तर येईल."

कपाशीवाला

ताई, पटतंय, पण सगळं नाही. मोठ्यांना 'नाही' म्हणायला शिकवलं तर पोरगं उद्या शेतावर चल म्हटलं तरी 'नाही' म्हणेल, अभ्यासालाही 'नाही' म्हणेल. मोठ्यांचा मान राहिला पाहिजे.

खापरावरची_पुरणपोळी

भाऊ, अभ्यासाला तर ती आत्ताही 'नाही'च म्हणते, त्यासाठी शिकवावं लागत नाही :) कामाचं, अभ्यासाचं ऐकायचंच. अंगाला हात लावणं, एकट्याला कुठे नेणं, "आईला सांगू नको" म्हणणं, या तीन ठिकाणी कुणाचंही ऐकायचं नाही. आठ वर्षांच्या मुलीला हा फरक नीट कळतो.

कपाशीवाला

"आईला सांगू नको" हे मात्र एकदम पटलं. आज संध्याकाळी नातवंडांना हेच सांगतो.

गिरणाकाठ

व्हॅनवाल्या काकांशी बोलले. त्यांनी मुलाला आपल्या मागे बसवलं आणि स्वतःहून शाळेत सांगितलं की मागच्या सीटवर काय चालतं ते त्यांना दिसत नाही, सोबत कुणीतरी द्या. शाळेला लेखी दिलंय, पोच घेतलीय. सोमवारी दोन्ही बाजूच्या पालकांना बोलावलंय. काय होतं ते इथे लिहीन.

तापीकिनारी

उशिरा आले, एक विचारू का? माझा मुलगा बोलू शकत नाही, ऐकूही कमी येतं. वय नऊ. वरचं ओरडणं, खुणेचा शब्द, काहीच त्याला चालणार नाही. त्याच्यासाठी काय?

कुस्ती_कबड्डी

ताई, गळ्यात शिट्टी. दोरी ओढल्यावर तुटेल अशी बांधा, म्हणजे कुणी धरली तर गळा आवळणार नाही. सतत वाजवत राहायला शिकवा, थांबून थांबून नाही. माझ्याकडे असाच एक मुलगा येतो, शिट्टी लागल्यावर तो सगळ्यांत मोठा आवाज करतो. शाळेला, व्हॅनला, कोपऱ्यावरच्या दुकानाला सांगून ठेवा की ही शिट्टी वाजली तर धावायचं.

शिरपूरची_बाई

खुणेच्या शब्दाऐवजी खुणेची वस्तू ठेवा. एखादं ठरावीक कापड किंवा किल्लीचं पदक, जे फक्त तुम्ही पाठवलेल्या माणसाकडे असेल. खिशात कार्ड ठेवा : "मला बोलता येत नाही, या नंबरवर फोन करा," खाली १०९८. आणि 'नाही'साठी, 'कुणी हात लावला'साठी त्याची स्वतःची खूण काय आहे, ती शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला आणि मदतनिसाला शिकवा. त्याची भाषा त्यांना आली पाहिजे. कार्डाचा नमुना हवा असेल तर मी वर्गासाठी केलेला आहे, उद्या इथे टाकते.